गाळणीची वीस मिनिटं आणि एकराचा भाव

पोहरादेवीच्या फाट्यावर उभा असलेला पन्नास एचपीच्या आतला कुठलाही ट्रॅक्टर पाहा. नंबरप्लेटीवर वाशीमचा एमएच-३७, नाहीतर शेजारच्या यवतमाळचा एमएच-२९. मागे रोटाव्हेटर किंवा ट्रॉली, आणि चढ लागला की उभ्या सायलेन्सरातून काळा धूर. या सायलेन्सरात काजळीचे कण अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, सहसा नसते. या गटाच्या ट्रॅक्टरांना लागू असलेल्या ट्रेम-३अ या मापदंडानं ती कधी मागितलीच नाही.

तरीही हा विषय पोहरादेवीच्या मानोरा तालुक्यात तीन वाटांनी येऊन पोचला आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल पिकअप ही पहिली वाट. कारंजा किंवा दिग्रसच्या बाजारात सोयाबीन नेणाऱ्या चालकाला डॅशबोर्डवरचा गाळणीचा पिवळा दिवा आता नवा नाही. दुसरी वाट पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांची आणि हार्वेस्टरची. त्यांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ लागू आहे. तिसरी वाट ट्रेम-५ची, आणि शेतकऱ्याला खरी झळ पोचणार ती तिचीच. कारण वाशीम जिल्ह्यातले बहुतेक ट्रॅक्टर ज्या मधल्या गटात मोडतात, त्या गटाला हात घालणारा हा पहिला कडक मापदंड आहे.

गाळणी साफ करायच्या प्रक्रियेला रिजनरेशन म्हणतात. मेकॅनिक नुसतं ‘रिजन’ म्हणतात. त्यावर जगभर लिहिलं गेलेलं बहुतेक सगळं तंत्राबद्दल आहे: दिवा कधी लागतो, बटण कुठं असतं, तापमान किती. ते माहीत हवंच. पण पोहरादेवीच्या परिसरात हा प्रश्न तंत्राआधी वेळेचा आणि हिशेबाचा आहे. रिजनला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाच्या खात्यावर टाकायचा हे भाड्याच्या ट्रॅक्टरच्या व्यवहारात अजून कुणी ठरवलेलं नाही. मालक, चालक आणि शेतकरी या तिघांपैकी कुणीच तो आपला धरला नाही, तर त्याची किंमत गाळणी मोजते, आणि मागाहून मालक.

आधी कायद्याचा प्रवास पाहू, कारण कुठला ट्रॅक्टर घ्यायचा हे त्यावर ठरतं. ट्रेम-४ मुळात १ ऑक्टोबर २०२० ला यायचा होता. तो पुन्हा पुन्हा पुढे गेला आणि २०२३ च्या पहिल्या दिवशी लागू झाला. त्याची रेषा ३७ किलोवॅटवर, म्हणजे साधारण ५० एचपीवर आहे. त्यामुळे ४९ च्या घरातल्या आकड्यांना एकदम भाव आला. ट्रेम-५ची पहिली तारीख १ एप्रिल २०२४ होती. ती १ एप्रिल २०२६ वर ढकलली गेली, आणि लहान ट्रॅक्टरांना आणखी सवड हवी ही उत्पादकांची मागणी चालूच राहिली. तारखांचा हा इतिहास पाहता शोरूममध्ये तोंडी मिळणाऱ्या तारखेवर विश्वास ठेवू नये. आपण घेत असलेल्या यंत्राच्या कागदावर कुठला मापदंड लिहिला आहे, तेवढं पाहावं.

या तारखांच्या मागचे आकडे मात्र पक्के आहेत. १९ ते ३७ किलोवॅट, म्हणजे अंदाजे २५ ते ५० एचपीच्या इंजिनाला ट्रेम-३अ मध्ये एका किलोवॅट-तासाला ०.६ ग्रॅम काजळीची मुभा आहे. ट्रेम-५ मध्ये ती ०.०१५ ग्रॅमवर येते, म्हणजे चाळिसावा हिस्सा. शिवाय वजनाबरोबर कणांची संख्याही मोजायची: किलोवॅट-तासाला एक लाख कोटींपेक्षा जास्त कण नकोत. वजनाची मर्यादा चांगल्या इंजेक्शननं आणि नुसत्या ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टनं बरीच गाठता येते. अमेरिकेत २०१३ पासून या गटाला ०.०३ ग्रॅमची मर्यादा आहे, आणि तिथं काही कंपन्यांनी डीपीएफशिवाय ती पाळून दाखवली; ‘आमच्या ट्रॅक्टरला रिजन नाही’ हीच त्यांची जाहिरात झाली. संख्येची अट आली की ही पळवाट जवळजवळ बंद होते. बारीक कण मोजून अडवायचे तर भिंतीतून धूर गाळणारी गाळणीच लागते. युरोपात १९ ते ५६ किलोवॅटच्या इंजिनांना ही अट १ जानेवारी २०१९ पासून आहे. आपल्याकडचे कारखाने तिकडे ट्रॅक्टर पाठवतात ते गाळणी लावूनच. तेव्हा भारतीय कंपन्यांना हे जमणार नाही, असं म्हणायला जागा नाही.

आता १९ किलोवॅटच्या खालचा गट. तिथं ट्रेम-५ मध्येही काजळीची मर्यादा ०.४ ग्रॅम आहे आणि संख्येची अट नाही. म्हणजे २५ एचपीच्या आतल्या मिनी ट्रॅक्टरला डीपीएफची गरज नाही. महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय विभागाची अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठीची योजना ९ ते १८ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरची आहे. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान. तो अख्खा गट या रेषेच्या खाली राहतो. मोसंबी-संत्र्याच्या बागेत, हळदीच्या सरीत किंवा सोयाबीनच्या डवरणीला लहान ट्रॅक्टर वापरणाऱ्यानंही डीपीएफच्या चर्चेनं घाबरायचं कारण नाही. अमेरिकेत या रेषेचा परिणाम असा झाला की २४ आणि काही दशांश एचपीच्या कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरांची गर्दी झाली. लोकांनी ताकद सोडली पण गाळणी टाळली. आपल्याकडेही तसं होईल असं मला वाटतं, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त २४ एचपीच्या ट्रॅक्टरला काळ्या भारी जमिनीत पलटी नांगर लावून वर त्यालाच शिव्या घालू नयेत.

गाळणीची रचना साधी आहे. मधमाशीच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र सिरॅमिकच्या नळ्या असतात, एकाआड एक बुजवलेल्या. धूर एका नळीत शिरतो, भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीतून बाहेर पडतो आणि काजळी भिंतीवर राहते. इंजिनावर चांगला भार असला, धूर अडीचशे ते चारशे अंशांपर्यंत तापला, की पुढच्या कॅटॅलिस्टनं तयार केलेला नायट्रोजन डायऑक्साइड ती काजळी हळूहळू जाळत राहतो. चालकाला ते कळतही नाही. भार कमी असला तर काजळी साठते. मग संगणक सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतो; ते कॅटॅलिस्टवर पेटतं, गाळणीचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं आणि साठलेली काजळी जळून जाते. हे चालता चालता झालं तर उत्तम. नाहीच झालं तर ट्रॅक्टर उभा करून करावं लागतं. त्याला यंत्र, इंजिन आणि साठ्यानुसार कमीजास्त, पण ढोबळमानानं वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो.

यातली एक जुनी चिंता मिटली आहे. गंधकाचं डिझेल या कॅटॅलिस्टचं वैरी, पण १ एप्रिल २०२० पासून देशभर पंपावर मिळणारं डिझेल १० पीपीएम गंधकाचं आहे. मानोऱ्याच्या पंपावरचं आणि पुण्याच्या पंपावरचं डिझेल त्या बाबतीत सारखंच. फरक पडतो तो पंपापासून शेतापर्यंत. कॅनमध्ये आणलेलं, पत्र्याच्या ड्रममध्ये पावसाळाभर ठेवलेलं, कधी रॉकेल मिसळलेलं डिझेल नव्या कॉमन रेल इंजेक्टरला सोसत नाही. इंजेक्टर बिघडला की काजळी वाढते आणि बोल गाळणीला लागतो.

आता पोहरादेवीच्या शेताचं वर्ष या गाळणीच्या नजरेनं पाहू. एप्रिल-मेची उन्हाळी नांगरट आणि त्यामागची रोटाव्हेटरची पाळी हे तिचे सुखाचे दिवस. इंजिन तासनतास भाराखाली, धूर तापलेला, काजळी आपोआप जळते. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की पेरणी. काम मध्यम भाराचं, पण बांधाबांधाशी वळण, दर दोन-तीन एकरांनी शेत बदलायचं, बियाणं-खत भरायला थांबायचं आणि इंजिन मात्र चालू. श्रावणात डवरणी आणि फवारणी. चाळीस एचपीचं इंजिन पंपाच्या ब्लोअरसाठी फिरतंय, म्हणजे जवळजवळ रिकामं. मग सोंगणी, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास हडंबा, म्हणजे मळणीयंत्र. हडंब्याला भार बरा असतो, पीटीओ एकसारखा चालतो. गाळणीच्या दृष्टीनं हे चांगलं काम, पण त्यात आगीचं भय आहे, त्याकडे पुढे येतो. त्यानंतर हरभऱ्याची पेरणी, ट्रॉलीच्या खेपा, पाण्याचा टँकर. आणि रामनवमी! बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांच्या दर्शनाला लाखोंनी भाविक पोहरादेवीत येतात. ट्रॅक्टर-ट्रॉल्या मैलभर रांगेत सरकत राहतात, इंजिन तास-दोन तास आयडलिंगवर. धूर दीडशे-दोनशे अंशांच्या पुढे जात नाही, काजळी मात्र निघतच राहते. गाळणीला याहून वाईट दिवस सांगता येणार नाही.

तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांना यातलीच दुसरी तऱ्हा माहीत आहे. भरल्या दोन ट्रॉल्या ओढताना इंजिन रडकुंडीला येतं, पण गाळणी स्वच्छ राहते. कारखान्याच्या यार्डात रात्रभर रांगेत उभं राहिलं की ती भरते. थंडीच्या रात्री बॅटरी उतरेल म्हणून इंजिन चालू ठेवायची सवय तिथं घातक ठरते. बॅटरीच नीट ठेवली तर दोन्ही वाचतं.

थोडक्यात, डीपीएफला जड काम चालतं, हलकं आणि तुटक काम चालत नाही. त्यामुळे ‘लहान शेतकरी, लहान काम, मग जरा मोठाच ट्रॅक्टर घेऊन ठेवू’ हे जुनं गणित उलटं फिरतं. पाच एकर मालकी आणि थोडं भाड्याचं काम असलेल्यानं दारची शोभा म्हणून ५५ एचपी घेतला, तर तो वर्षातले आठ महिने त्या इंजिनाला अर्धपोटी राबवतो. पूर्वी यात फक्त डिझेल जास्त जायचं. आता गाळणी तुंबते.

दिव्यांकडे वळू. कंपन्यांची चिन्हं थोडी वेगळी असली तरी क्रम सारखा असतो. पहिल्या टप्प्यात ट्रॅक्टर स्वतःच रिजन करतो. धूर तापल्याचा दिवा लागतो, इंजिनाचा आवाज किंचित बदलतो. चालकानं काहीही करायचं नाही, फक्त काम चालू ठेवायचं आणि आरपीएम पाडायचा नाही. दुसऱ्या टप्प्यात गाळणीचा दिवा लुकलुकतो: उभं राहून रिजन करा. गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, हँडब्रेक लावलेला, इंजिन तापलेलं आणि थ्रॉटल खाली असल्याशिवाय ते सुरूच होत नाही. बटण दाबलं की आरपीएम आपोआप चढतो. हे अर्ध्यावर बंद करू नये, आणि संपल्यावर टर्बो थंड व्हायला दोन-चार मिनिटं द्यावीत. तिसऱ्या टप्प्यात ताकद कापली जाते. नांगर ओढवत नाही, पण घरापर्यंत येता येतं. त्यापुढे लॅपटॉप घेऊन येणाऱ्या कंपनीच्या माणसाशिवाय इलाज नाही, आणि गाळणी फारच भरली असेल तर तोही हात वर करतो. कारण प्रमाणाबाहेर साठलेली काजळी एकदम पेटली तर सिरॅमिकच तडकतं.

या सगळ्यात एक बटण असतं, रिजन थांबवून ठेवायचं. आमच्या भागात सगळ्यात जास्त घोळ तेच करणार.

समजा भाड्याच्या ट्रॅक्टरवर एक पगारी चालक आहे. वाफसा दोन-तीन दिवसांचा. शेतकरी बांधावर उभा, बियाणं मोकळं करून ठेवलेलं, पुढच्या तिघांचे फोन. दुपारी तीनला दिवा लुकलुकतो. चालकाला एकरावर पैसे मिळतात, उभं राहण्याचे नाहीत. शेतकऱ्याला वीस मिनिटांचं कारण सांगितलं तर तो म्हणणार, बिघाड असलेला ट्रॅक्टर आणलाच कशाला. मालक गावात नाही. चालक काय करील? बटण दाबून दिवा गप्प करील. संध्याकाळी पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी ताकद कापली जाते आणि ट्रॅक्टर पेरणीच्या ऐन मध्यात उभा राहतो. चालकाला दोष देणं सोपं आहे; पण त्याच्या जागी बसून पाहिलं तर त्याचा हिशेब बरोबर होता. चुकीचा होता तो एकराचा भाव ठरवतानाचा हिशेब.

गंमत अशी की हा खर्च मुळात फार नाही. चाळीस-पन्नास तासांच्या कामात एकदा वीस-तीस मिनिटं उभं राहावं लागलं असं धरा, तर तो एकूण वेळेचा जेमतेम एक टक्का होतो. त्यावर थोडं जादा डिझेल. भाड्याच्या दरात हे सहज मावतं. मालकानं चालकाला एवढंच सांगायचं, की रिजनची वेळ तासमीटरवर लिही, तेवढ्या वेळाची मजुरी मी देतो. आणि शेतकऱ्याला आगाऊ सांगायचं, की मधे एकदा ट्रॅक्टर उभा राहील. अवजार बँका आणि गटांच्या बाबतीत तर हे लेखी नियमात असायला हवं. वाशीमसारख्या जिल्ह्यात हवामान-अनुकूल शेतीच्या पोकरा प्रकल्पातून आणि यांत्रिकीकरणाच्या योजनांतून गटांकडे अवजारं आली आहेत. तिथं ट्रॅक्टरवर आज एक चालक असतो, उद्या दुसरा; आदल्यानं दाबलेलं बटण दुसऱ्याला माहीतच नसतं. ट्रॅक्टर ताब्यात घेताना डिझेल मोजतात तसा गाळणीचा दिवाही पाहून वहीत लिहावा.

शक्य असेल तर वेळही निवडता येते. बऱ्याच यंत्रांत काजळी ठरावीक पातळीच्या वर गेल्याशिवाय बटण दाबून काही होत नाही, त्यामुळे हवं तेव्हा साफ करून ठेवू म्हणून चालत नाही. पण पडद्यावर साठ्याचा आकडा दिसत असेल तर पेरणीच्या आदल्या दिवशी एखादं रोटाव्हेटरचं जड काम उरकून घ्यावं. गाळणी रिकामी होते आणि वाफशाचे दिवस निभावतात.

बटणाचा योग्य उपयोगही आहे, आणि तो हडंब्यापाशी. सोयाबीनची गंजी, वाऱ्यावर उडणारं कुटार, जमिनीवर वीतभर भुसा आणि त्यात उभा ट्रॅक्टर. रिजनच्या वेळी गाळणीत सहाशे अंश आणि बाहेर पडणारा धूरही नेहमीपेक्षा खूप तापलेला. सोयाबीनचं कोरडं कुटार पेटायला याच्या निम्मं तापमानही पुरतं. काही यंत्रांत धुराड्याच्या तोंडाशी बाहेरची हवा मिसळून तो थंड करायची सोय असते, तरी गाळणीच्या अंगावर साचलेली भुशाची पुटं पेटू शकतात. म्हणून खळ्यावर असेपर्यंत रिजन थांबवणं रास्त आहे. ट्रॅक्टर वाऱ्याच्या वरच्या बाजूला लावावा, दर दोन-तीन तासांनी गाळणीभोवतीचं कुटार हवेनं झटकावं, हाताशी पाण्याचा ड्रम असावा. आणि काम संपलं की मुरमाच्या मोकळ्या जागेवर नेऊन, बटण सोडून, रिजन पूर्ण करावं. तांड्यावर घरं, गोठे आणि वैरणीच्या गंज्या एकमेकांना लागून असतात. तिथं पत्र्याच्या शेडखाली रात्री रिजन लावून जेवायला जाणं म्हणजे आगीला बोलावणं. गव्हाच्या उभ्या धसकटातही ते करू नये.

एका गोष्टीकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, ती इंजिन ऑइलची. उशिरा सोडलेलं डिझेल सगळंच कॅटॅलिस्टपर्यंत जात नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. रिजन पूर्ण झालं तर ते बेताचं राहतं. अर्ध्यावर तोडलेलं रिजन वारंवार झालं की तेल पातळ होत जातं आणि पातळी वाढते. जुन्या चालकाला तेल कमी झालं तर काळजी वाटते, वाढलेलं पाहून तो खुश होतो. या इंजिनात उलट आहे: पट्टीवर तेल वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर त्यात डिझेल आहे, आणि तसंच चालवलं तर बेअरिंगं जातात. रोज सकाळी पट्टी पाहायची सवय नव्या ट्रॅक्टरलाही तितकीच लागते.

तेलाचा दुसरा संबंध राखेशी. लाकूड जळून गेलं तरी चुलीत राख उरतेच. गाळणीतली काजळी जळते, पण तेलातल्या रसायनांची राख मागे राहते आणि ती कुठल्याही रिजननं जात नाही. म्हणून या इंजिनांना कमी राखेचं तेल लागतं, डब्यावर सीजे-४ किंवा सीके-४ लिहिलेलं. सीजे-४ मध्ये सल्फेटेड राखेची मर्यादा एक टक्का आहे. गावच्या दुकानात ट्रॅक्टरचं म्हणून मिळणारं जुन्या ग्रेडचं स्वस्त तेल एकदोनदा टाकलं तर लगेच काही दिसत नाही, पण गाळणीचं आयुष्य आतून घटतं. अमेरिकी नियमानुसार १३० किलोवॅटच्या आतल्या इंजिनाची गाळणी किमान ३,००० तास राख न काढता चालली पाहिजे. घरच्या शेतीपुरता वर्षाला चारशे तास ट्रॅक्टर चालवणाऱ्याला म्हणजे सात-साडेसात वर्षं. हजार तास भाड्यानं फिरवणाऱ्याला तीनच. राख काढताना गाळणी खोलून भट्टीत तापवतात आणि उलट्या दिशेनं हवेचा झोत देतात. आधी आणि नंतर वजन करतात. वॉशिंग सेंटरवर प्रेशरनं पाणी मारणं हा त्याला पर्याय नाही. त्यानं राख भिंतीत घट्ट बसते आणि कॅटॅलिस्टचा लेप उडतो.

रिजन नेहमीपेक्षा लवकर लवकर यायला लागलं तर गाळणी बदलायच्या घाईत पडू नये. बहुतेक वेळा दोष तिच्या आधी असतो: धुळीनं भरलेला एअर फिल्टर, गळका इंजेक्टर, टर्बोतून येणारं तेल, चिकटलेला ईजीआर, किंवा दाब मोजणाऱ्या सेन्सरची फुटलेली रबरी नळी. वखरणीच्या आणि मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर पाहणं हे डीपीएफ सांभाळण्याचंच काम आहे. दोन रिजनमधले तास वहीत लिहिलेले असले की हा फरक महिनाभर आधी कळतो. मला विचाराल तर डीपीएफवाल्या ट्रॅक्टरचं सगळ्यात उपयोगी अवजार ही दहा रुपयांची वही आहे.

‘काढूनच टाका’ म्हणणारे भेटतील. पिकअपच्या बाबतीत ते आतापासून भेटतात. गाळणी कापून पोकळ डबा बसवायचा आणि संगणकाला फसवायचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला अशा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी जाते ती वेगळी. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की हा धूर कोण घेतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात निश्चित कर्करोगकारक ठरवला. हडंब्याशी गंजी उपसणाऱ्या बाया ट्रॅक्टरपासून चार-पाच हातांवर दिवसभर उभ्या असतात. ट्रॅक्टरच्या धुराचा विचार शहराच्या हवेच्या संदर्भातच होतो. मजुराच्या छातीचा हिशेब त्यात येत नाही. मला गाळणी हवी आहे ती या कारणासाठी, आणि म्हणूनच ती चालवणं परवडणारं व्हायला हवं.

इथं दुरुस्तीचा प्रश्न येतो. शेवटच्या टप्प्यातलं रिजन कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय होत नाही. अमेरिकेत यावरून मोठी लढाई झाली. कोलोरॅडो राज्यानं २०२३ मध्ये शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं जॉन डिअरवर दुरुस्तीच्या मक्तेदारीबद्दल खटला भरला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि त्यात शेती यंत्रं हा एक विभाग आहे. पण पोर्टलवर माहिती असणं आणि मानोऱ्याच्या मेकॅनिकच्या हातात निदान-यंत्र असणं यात अंतर आहे. आज तालुक्याच्या ठिकाणचा चांगला मेकॅनिक पंप कॅलिब्रेट करतो, क्लच बसवतो, हायड्रॉलिक खोलतो. त्याला या एका कामासाठी वाशीम किंवा अकोल्याहून माणूस बोलवावा लागणार असेल, तर गाळणी कापून टाकायचा मोह वाढतच जाणार. आयटीआयच्या ट्रॅक्टर मेकॅनिकच्या अभ्यासात हे काम प्रात्यक्षिकासह यायला हवं. परवाना देऊन तालुक्यात दोन-तीन मेकॅनिकांना सॉफ्टवेअर मिळालं तर कंपन्यांचं फारसं बिघडणार नाही.

इथं एक गफलतही दूर करायला हवी. ‘युरियाची टाकी’ म्हणजे डीपीएफ नव्हे. तो निळ्या झाकणाचा डबा नायट्रोजन ऑक्साइडसाठी असतो आणि ५६ किलोवॅट, म्हणजे सुमारे ७५ एचपीच्या वरच्या इंजिनांना लागतो. त्याखाली नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा सैल आहे. हार्वेस्टरच्या मालकानं युरियाच्या खर्चाच्या कहाण्या सांगितल्या तर त्या ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला लावू नयेत.

उरला खरेदीचा प्रश्न. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. गाळणी आणि कॉमन रेलची किंमत त्यातला बराच भाग खाऊन टाकेल असं दिसतं. ज्याचं काम मिनी ट्रॅक्टरमध्ये भागतं त्यानं २५ एचपीच्या आत राहावं. ज्याला वर्षभर नांगरट, रोटाव्हेटर आणि ओढीचं काम आहे त्यानं डीपीएफला भ्यायचं कारण नाही; त्याची गाळणी बहुतेक वेळा आपोआप साफ राहील. अडचण आहे ती मधल्या माणसाची, ज्याच्याकडे ४० ते ५० एचपी आहे पण काम तुटक आहे. त्यानं शेजाऱ्याशी जड कामाचा सौदा करून इंजिनाला भार द्यावा, आणि घेताना विक्रेत्याकडून दोन गोष्टी बिलासोबत लिहून घ्याव्यात: वॉरंटीच्या काळात लॅपटॉपवरचं रिजन करायला येणाऱ्या माणसाचं भाडं कोण देणार, आणि ऑक्टोबरच्या मळणीच्या पंधरवड्यात तक्रार केल्यापासून किती तासांत तो शेतावर पोचणार.